उलव्यात भर दुपारी धुळीचा खांब गोल फिरताना दिसला, हा टॉर्नेडो म्हणायचा का? आणि खरा टॉर्नेडो आपल्याकडे येऊ शकतो का?

उलवेची_सूनबाई

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल पण कालपासून आमच्या घरात दुसरा विषय नाहीये म्हणून विचारते. आम्ही उलव्याला १४व्या मजल्यावर राहतो, समोर मोकळा प्लॉट आहे, दिवसभर तिथे डंपर भराव टाकत असतात. काल दुपारी दोनच्या सुमारास कपडे काढायला बाल्कनीत गेले तर त्या प्लॉटवर धूळ गोल गोल फिरायला लागलेली, आणि बघता बघता उभीच राहिली हो, पाचव्या-सहाव्या मजल्याएवढी तरी नक्की, आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि वेफर्सची पाकिटं गरगरतायत, वॉचमनच्या केबिनवरची निळी ताडपत्री एका बाजूने उचकटून फडफडायला लागली आणि मग तो खांब रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन विरून गेला. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

झालं, सोसायटीच्या ग्रुपवर लगेच 'टॉर्नेडो आला टॉर्नेडो', कोणीतरी अमेरिकेतला व्हिडिओ टाकला, एकाने तर विमानतळ झाल्यापासून हवा फिरली असं पण लिहिलं. सासूबाई माणच्या, त्या म्हणाल्या ही वावटळ, आमच्याकडे चैत्रात रोज उठायची, तिच्या मध्ये जायचं नाही, बाधतं. मुलगा सातवीत आहे, तो माझ्या मागे लागलाय की हे गोल का फिरतं, वर का जातं, टॉर्नेडो आणि हे एकच का, आणि असला मोठा आपल्या टॉवरवर आला तर काय करायचं. गुगल करून डोकं भणभणलं, कोणीतरी आपल्या भाषेत नीट सांगा प्लीज.

घोडबंदर_ग्रस्त

ताई टॉर्नेडो ठाण्यात आला तर कापूरबावडीला तासभर अडकेल आणि कंटाळून परत जाईल, निश्चिंत राहा 😄

ढगवेडा

वरच्या भाऊंचं हसण्यावारी सोडा, प्रश्न चांगलाय. मी हवामान खात्यातला वगैरे नाही, नोकरी बँकेत, पण ढग बघायचा नाद शाळेपासूनचा, कोलशेतला गच्चीवर बसून बराच वेळ वाया घालवलाय त्यामुळे जमेल तसं सांगतो, लांबेल.

सासूबाई शंभर टक्के बरोबर. तुम्ही बघितली ती वावटळच (बाधण्याचं सोडून देऊ, डोळ्यात धूळ जाते एवढीच बाधा). वावटळ जमिनीतून वर चढते. भरावाची उघडी माती दुपारी प्रचंड तापते, तिला चिकटून असलेली हवा तापते, हलकी होते आणि एका जागी भसकन वर निघते. ती जागा भरायला आजूबाजूची हवा आत धावते, त्या हवेत थोडा जरी पीळ असला तरी आत येताना वर्तुळ लहान होत जातं आणि फिरण्याचा वेग वाढत जातो. बास. खालची गरम हवा संपली, किंवा ती गार जमिनीवर, झाडीत, रस्त्याच्या सावलीत शिरली की खेळ खलास. म्हणून तुमची कोपऱ्यावर जाऊन विरली.

टॉर्नेडोचं सगळं इंजिन वर ढगात असतं. त्यामुळे मुलाला एकच खूण सांगा, खांबाच्या डोक्यावर बघायचं. वर निळं आभाळ असेल तर वावटळ. वर काळाकुट्ट गडगडाटी ढग असेल, त्याच्या तळातून काही खाली आलेलं असेल आणि जमिनीवरही फिरणं चालू असेल तर टॉर्नेडो. ढगातून नुसती सोंड लोंबतेय पण खाली जमिनीवर फिरणं नाही तर तो अजून टॉर्नेडो झाला नाही असं धरतात.

आता तो बनतो कसा. आधी जोरदार गडगडाटी ढग लागतो, त्यासाठी खाली दमट गरम हवा आणि वर थंड हवा, एवढं आपल्याकडे पण असतं. पण अजून एक गोष्ट लागते ती म्हणजे उंचीप्रमाणे वारा बदलणं. जमिनीजवळ वारा समजा दक्षिणेकडून सावकाश येतोय आणि पाच-सहा किलोमीटरवर पश्चिमेकडून सुसाट चाललाय, तर मधल्या हवेला आडवा पीळ पडतो, डोळ्यांना दिसत नाही पण हवा आडवी लोळत असते, पोळपाटावर लाटणं फिरतं ना तशी. आता या आडव्या फिरणाऱ्या हवेला ढगाचा वर जाणारा झोत खालून उचलतो, ती मध्ये वर वाकते आणि आडवं फिरणं उभं होतं. झालं, आता अख्खा ढगच सावकाश फिरायला लागतो, काही किलोमीटर रुंदीचा भाग. असल्या फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात आणि तो साध्या ढगासारखा अर्ध्या-पाऊण तासात मरत नाही, तासन्‌तास चालतो, कारण त्याचा पाऊस त्याच्याच वर जाणाऱ्या झोतावर पडत नाही, बाजूला पडतो.

पण इथपर्यंत येऊनही बहुतेक सुपरसेल टॉर्नेडो न करताच संपतात. वरती फिरणं आणि जमिनीवर फिरणं यात मोठी दरी आहे. ढगाच्या मागच्या बाजूने पावसाने गार झालेली हवा खाली कोसळत असते, ती गुंडाळत पुढे येते आणि जमिनीलगत फिरणं तयार करते. ही हवा फार गार असेल तर जड पडते, वर उचललीच जात नाही आणि सगळं फिस्कटतं. बेताची गार असेल तर वरचा झोत तिला ओढून घेतो, उभी ताणतो, ताणली की बारीक होते आणि बारीक झाली की वेग भयानक वाढतो. हे नेमकं कुठल्या ढगात जमेल आणि कुठल्यात नाही हे अजूनही शास्त्रज्ञांना आधी छातीठोक सांगता येत नाही, रडारवर दोन ढग अगदी जुळे दिसतात आणि त्यातला एकच करतो. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

आणि ती सोंड दिसते ते काय असतं? मुख्यतः ढगच. आतला हवेचा दाब पडतो, हवा पसरते, गार होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. खालचा मातकट भाग म्हणजे उडालेली धूळ आणि मोडतोड. कधी कधी सोंड अर्धवटच दिसते, जमिनीपर्यंत नुसती फिरणारी हवा असते, आणि लोक म्हणतात अजून टेकला नाही, तोवर पत्रे उडायला लागलेले असतात.

पुणेकर_इन_वाशी

पण पुण्यात आला होता ना टॉर्नेडो? २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडी साईडला नदीवर, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, काळा खांब आकाशात गेलेला.

घोडबंदर_ग्रस्त

ते डास होते 🙏

पुणेकर_इन_वाशी

काय सांगता

ढगवेडा

हो, डासांचे थवे. नदीत जलपर्णी आणि सांडपाणी साचलेलं, तिथून कोट्यवधी किडे एकदम उठले आणि हवेत खांब धरून घिरट्या घालत होते. वारा जवळपास नव्हताच, वारा असता तर ते तसे राहिलेच नसते. चर्चा बरीच झाली त्याची. पण खांब दिसला की टॉर्नेडो असं नसतं एवढं त्यावरून कळतं.

डॅलसहून_परत_कळव्यात

मी काही वर्षं टेक्सासला होतो, ऑनसाईट, डॅलसच्या उत्तरेला. तिथलं सांगतो, कारण व्हिडिओत जे दिसतं आणि प्रत्यक्षात जे होतं त्यात फरक आहे. व्हिडिओत उघड्या रानात लख्ख उजेडात छान सोंड दिसते. आमच्या भागात २० ऑक्टोबर २०१९ ला आला तो रात्री नऊच्या सुमारास, रविवार, पाऊस आणि अंधार, कोणाला काहीही दिसलं नाही. फोन एकदम किंचाळायला लागला, सगळ्यांचे एकाच वेळी, मग सायरन. तिथे दर महिन्याला ठरलेल्या दिवशी दुपारी सायरनची टेस्ट असते त्यामुळे आवाज ओळखीचा होता, पण रात्री ऐकला की पोटात गोळा येतो.

तिथे दोन पातळ्या असतात. वॉच म्हणजे आज हवामान तसलं आहे, सावध राहा, हे काही तास आधी आणि मोठ्या भागासाठी. वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरणं दिसलंय किंवा कोणीतरी डोळ्यांनी बघितलंय, आत्ता लपा. वॉर्निंग आणि टॉर्नेडो यात सरासरी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाही. आमचं अपार्टमेंट लाकडी, वरचा मजला, खाली एक तेलुगू कुटुंब राहायचं, त्यांच्या बाथरूममध्ये आम्ही सगळे, पोरं टबमध्ये आणि वर गादी धरलेली. बाथरूम का, तर घराच्या मधोमध, खिडकी नाही, आणि आसपास भिंती जास्त. आम्हाला काही झालं नाही, साधारण तीन-चार किलोमीटरवरून गेला.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या गल्लीत गेलो तर रस्त्याच्या एका अंगाच्या घरांची छपरं नाहीत, विटांच्या भिंती बसलेल्या, आणि समोरच्या अंगाला एका घराच्या पायरीवर हॅलोविनचे भोपळे जसेच्या तसे मांडलेले. तो पट्टा इतका काटेकोर असतो. त्या रात्री डॅलसमध्ये त्यात एकही माणूस दगावला नाही, इतकी वस्ती असून. माझ्या मते ते फोन आणि सायरनचं श्रेय.

अजून एक, तिथे जुनी माणसं सांगायची की खिडक्या उघडून ठेवा म्हणजे आतला दाब बाहेर जातो नाहीतर घर फुटतं. हे साफ चूक आहे, आता तिथलं हवामान खातं स्वतः सांगतं की त्यात वेळ घालवू नका. घर दाबाने फुटत नाही, वारा आणि वाऱ्याने फेकलेल्या वस्तू ते फोडतात, आणि तुम्ही खिडकी उघडलीत तर वाऱ्याला छप्पर आतून उचलायला वाटच करून देता.

उलवेची_सूनबाई

बापरे. सगळ्यांचे खूप आभार, मुलाला वाचून दाखवतेय. लाटण्याचं त्याला पटकन कळलं, हातात घेऊन बसलाय. आता त्याचे पुढचे प्रश्न, मी नुसती टायपिस्ट. टॉर्नेडो नेहमी एकाच दिशेने फिरतो का आणि पृथ्वी फिरते म्हणून फिरतो का? वाऱ्याचा वेग ४००-५०० लिहितात तो मोजतात कसा, मोजायचं यंत्र उडून नाही का जात? आणि आपल्याकडे का नाही होत, समुद्र आहे, उकाडा आहे, ढग आहेत, मग?

ढगवेडा

पोरगं भारी आहे तुमचं.

दिशा: आपल्या उत्तर गोलार्धात बहुतेक टॉर्नेडो घड्याळाच्या उलट फिरतात पण सगळे नाही, थोडेफार घड्याळाच्या दिशेनेही निघतात. पृथ्वीच्या फिरण्याचा थेट परिणाम एवढ्या लहान गोष्टीवर पडत नाही, तो अरबी समुद्रातल्या चक्रीवादळावर पडतो कारण ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि दिवसचे दिवस चालतं. टॉर्नेडोची दिशा ठरते ती उंचीप्रमाणे वारा कुठल्या अंगाने वळत गेलाय त्यावरून. आणि वावटळीला तर काहीच धरबंध नाही, दोन्हीकडे फिरतात, पुढच्या वेळी त्याला बाल्कनीतून नोंद करायला सांगा.

हे चक्रीवादळाचं एकदा सांगूनच टाकतो कारण ग्रुपवर नेहमी गोंधळ होतो. २०२० च्या जूनमधलं निसर्ग, २०२१ च्या मे मधलं तौक्ते, ही चक्रीवादळं, समुद्रावर बनतात, चार-पाच दिवस आधी कळतं, अख्ख्या कोकणाला झोडपतात. टॉर्नेडोची रुंदी बहुतेक वेळा काहीशे मीटरच्या आत, आयुष्य बहुतेकांचं दहा मिनिटांच्या आत. अपवाद मोठे आहेत, १८ मार्च १९२५ ला अमेरिकेत एक टॉर्नेडो मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना अशा तीन राज्यांतून साधारण ३५० किलोमीटर गेला, साडेतीन तास, ६९५ माणसं मेली. आणि ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ जो झाला त्याची रुंदी चार किलोमीटरच्या वर होती, म्हणजे ठाणे स्टेशनपासून मुलुंडच्याही पुढे.

वेग मोजण्याचं: यंत्र उडून जातं, हा त्याचा मुद्दा रास्त आहे. म्हणून बहुतेक वेळा वेग मोजत नाहीत, मोडतोड बघून अंदाज बांधतात. ही पद्धत काढली टेड फुजिता या जपानी माणसाने, १९७१ ला, नंतर अमेरिकेत २००७ पासून तिची सुधारलेली आवृत्ती वापरतात, ० ते ५ अशी. शून्याला साधारण ताशी १०५ किमी पासून सुरुवात, पाचला ३२० च्या वर. आता गंमत बघा, टॉर्नेडो मोकळ्या शेतातून गेला आणि मोडायला काही नसलंच तर कितीही ताकदवान असला तरी त्याला वरचा आकडा मिळत नाही. थेट मोजणी ट्रकवर बसवलेल्या रडारने लांबून करतात, ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात तशी मोजली तर ताशी साधारण ४८० किमी भरली.

आणि यंत्र खाली ठेवणारेही होते. टिम समारास नावाचा इंजिनीअर होता, त्याने बसका शंकूसारखा डबा बनवलेला, वाऱ्याला धरायला काही कोपराच नाही असा. टॉर्नेडोच्या वाटेत गाडीतून जाऊन तो डबा ठेवायचा आणि पळायचं. २४ जून २००३ ला साऊथ डकोटात त्याच्या डब्यावरून टॉर्नेडो गेला आणि दाब एकदम १०० मिलिबारने पडलेला नोंदला गेला. आपला रोजचा दाब १०१० च्या आसपास असतो, भल्या चक्रीवादळातही शंभरने पडायला फार तगडं वादळ लागतं, आणि इथे काही सेकंदांत. तोच समारास वर सांगितलेल्या एल रेनोच्या टॉर्नेडोत मुलगा आणि सहकाऱ्यासकट गेला. इतका अनुभवी आणि सावध माणूस. त्यामुळे जे यूट्यूबवाले सोंडेच्या मागे गाड्या पळवतात त्यांचं मला काही कौतुक नाही.

आपल्याकडे का नाही, त्याचं उत्तर जेवून लिहितो.

दिवाळे_कोळीवाडा

तोवर मी एक विचारतो. आमचे बाबा बोटीवर जायचे, उरणच्या पुढे खोल पाण्यात, ते सांगायचे पावसाच्या तोंडावर ढगातून पाण्यापर्यंत नळी उतरलेली बघितलीय, सगळी बोट गप्प व्हायची, नाखवा लगेच सुकाणू फिरवायचा. बाबा म्हणायचे ढग समुद्र पितोय. तो टॉर्नेडोच ना मग? म्हणजे आपल्याकडे होतो की.

ढगवेडा

दादा तुमच्या बाबांनी बघितलं ते खरंच आहे, आणि तो त्याच घराण्यातला पण लहान भाऊ. पाण्यावरचे बहुतेक असे खांब सुपरसेलमधून येत नाहीत. पाण्यावर वाऱ्याच्या दोन धारा एकमेकींना घासून जातात तिथे लहान भोवरे पडतात, आणि नेमका वर एखादा चढता ढग आला की तो त्या भोवऱ्याला ताणून उभा करतो. ढग आधी फिरत नसतो. ताकद बेताची, पाच-दहा-पंधरा मिनिटांत मोकळा, किनाऱ्याला लागला की बहुधा संपतो. पण लहान बोट उलटवायला तेवढा पुरतो, त्यामुळे नाखव्याने सुकाणू फिरवलं ते शहाणपणाचंच. ढग समुद्र पीत मात्र नाही, तळाशी तुषार उडतात ते खारे, वरची नळी म्हणजे हवेतल्याच वाफेचे थेंब, गोडं पाणी.

आता आपल्याकडे का नाही. पहिलं म्हणजे भारतात होतच नाहीत असं नाही. १७ मार्च १९७८ ला संध्याकाळी उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या भागात झालेला, काही मिनिटांत २८ माणसं गेली. ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीत मैनागुडीकडे झाला, घरांची वाताहत. आणि जगातला सगळ्यात जास्त माणसं मारणारा टॉर्नेडो अमेरिकेतला नाहीच, बांगलादेशातला आहे, २६ एप्रिल १९८९, माणिकगंज जिल्हा, दौलतपूर आणि साटुरिया, सुमारे १३०० माणसं. अमेरिकेत वर्षाला हजार-बाराशे होतात तरी एकात इतकी कधी मेली नाहीत, कारण बांगलादेशात दाट वस्ती, पत्र्याची घरं आणि सूचना काही नाही.

बंगालात का होतात तर तिथली मांडणी अमेरिकेच्या मैदानासारखीच आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा खालून येते, पश्चिमेच्या डोंगराळ कोरड्या भागावरून गरम कोरडी हवा तिच्या डोक्यावर झाकण म्हणून बसते, आणि त्याच्याही वर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, सुसाट. झाकणाखाली उकळत राहतं, दुपारी झाकण उडतं आणि एकदम स्फोट. बंगालात मार्च ते मे मध्ये बंगालच्या उपसागराची दमट हवा खालून, छोटा नागपूरच्या पठाराची कोरडी तापलेली हवा मधून, आणि हिमालयाच्या दक्षिणेने जाणारे पश्चिमेचे वेगवान वारे वरून. तिथल्या कालबैसाखीच्या (उन्हाळ्यातल्या गडगडाटी) वादळांतून कधी कधी टॉर्नेडो निघतो तो यामुळे.

आपल्याकडे ही भट्टी जमत नाही. एप्रिल-मे मध्ये उकाडा आणि दमटपणा भरपूर पण वरचे वारे तोवर मरगळलेले, मग बदलापूर-मुरबाडकडे घाटाच्या अंगाला दुपारी ढग चढतात, संध्याकाळी गडगडतात, पण पीळ द्यायला कोणी नाही, ते स्वतःच्याच पावसाखाली दबून तासाभरात आटपतात. मग जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा त्याहून जोरदार, म्हणजे पीळ उत्तम, पण तेव्हा हवा खालपासून वरपर्यंत सारखीच ओली आणि कोमट, उसळी मारायला जोरच नाही. जुलैत आपल्याकडे चार-चार दिवस कोसळतो पण विजा फारशा कडाडत नाहीत, हे सगळ्यांनी बघितलं असेल, ते याच कारणाने. म्हणजे उसळी असते तेव्हा पीळ नाही आणि पीळ असतो तेव्हा उसळी नाही. एखाद्या वर्षी पश्चिमेच्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा दक्षिणेकडे घसरला की दोन्ही थोडं जुळतं, बारका भोवरा निघूही शकतो, पण त्यासाठी झोप घालवायची गरज नाही.

ऐरोली_सिव्हिल

ढगवेडा साहेबांचं सगळं वाचलं, मस्त. पण मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे त्यामुळे मला राहवत नाही. आपल्या ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी टॉर्नेडोला घाबरण्याऐवजी न फिरणाऱ्या वाऱ्याला घाबरावं. १३ मे २०२४ आठवा. साडेतीन-चारला अंधार, पिवळी धूळ, पावसाच्या आधी गार वारा आणि मग तांडव. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, वडाळ्याला लोखंडी पार्किंगचा टॉवर आडवा झाला, ठाणे-मुलुंडच्या मध्ये ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि लोकल बसली. त्यात कुठलाही टॉर्नेडो नव्हता.

झालं काय तर ढगातला पाऊस खालच्या कोरड्या गरम हवेत पडताना वाटेतच सुकतो, त्याने हवा गार आणि जड होते, ती धबाधबा खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारही बाजूंना पसरते. सरळ रेषेत. त्या गार हवेची पुढची कड म्हणजे ती धुळीची भिंत. मजा म्हणजे हा शोधही फुजितांचाच. दुसऱ्या महायुद्धात ते कोकुरा भागात शिकवत होते, ९ ऑगस्टचा बॉम्ब आधी कोकुरावरच पडायचा होता, खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीला गेलं. नंतर ते नागासाकीची पाहणी करायला गेले तेव्हा झाडं मध्यापासून बाहेर अशी सगळ्या दिशांना आडवी झालेली बघितली. पुढे अमेरिकेत एका वादळानंतर विमानातून पाहणी करताना जंगलात तसाच नमुना दिसला, गोल पिळलेला नाही, मध्यातून बाहेर फेकलेला. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडलं त्याचा अभ्यास करून ते म्हणाले हा खाली आपटणारा झोतच. बऱ्याच जणांनी आधी मानलं नाही, नंतर विमानतळांवर त्यासाठी यंत्रणा बसल्या.

त्यामुळे वादळानंतर खाली उतरलात तर झाडं बघा. सगळी एकाच बाजूला किंवा पंख्यासारखी बाहेर पडली असतील तर सरळ वारा, एकमेकांवर आडवीतिडवी, आत ओढल्यागत पडली असतील तर फिरणारा.

ताई, तुमच्या टॉवरचं म्हणाल तर बांधकामाच्या भारतीय कोडप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी १५८ किमीच्या आसपास, आणि उंचीप्रमाणे तो वाढवून डिझाइन करतात. इमारतीचा सांगाडा नीट बांधला असेल तर तो पडायची भीती नको. पडतं ते आपण मागाहून लावलेलं. बाल्कनीच्या कठड्यावरच्या कुंड्या, डिशची तबकडी, एसीच्या बाहेरच्या युनिटचे गंजलेले ब्रॅकेट, टेरेसवरची पत्र्याची शेड, रंगकामाची परांची. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे रोजच्या वाऱ्यात टिकतंय म्हणजे वादळात टिकेल हे गणित चुकतं. धुळीची भिंत दिसली की बाल्कनीत उभं राहून शूटिंग करू नका, स्लायडिंगच्या काचा पूर्ण बंद करून खटका लावा आणि आतल्या पॅसेजमध्ये किंवा बाथरूममध्ये जा, डॅलसवाल्या दादांनी सांगितलं तेच लॉजिक. लिफ्ट घेऊ नका. खाली असाल तर झाड, होर्डिंग आणि चालू बांधकामाच्या बाजूला थांबू नका, गाडी झाडाखाली लावायचा मोह आवरा.

डॅलसहून_परत_कळव्यात

+१. आणि सूचना आपल्याकडेही येतात हो, लोक बघत नाहीत. कुलाबा आणि वेरावलीला डॉप्लर रडार आहेत, हवामान खातं दर थोड्या वेळाने पुढच्या तीन तासांचा इशारा जिल्हावार टाकतं, 'ठाणे, पालघर, विजांसह सोसाट्याचा वारा' असा. विजेसाठी पुण्याच्या संस्थेचं दामिनी ॲप आहे, फुकट आहे, जवळ वीज पडली की सांगतं.

उलवेची_सूनबाई

केलं डाऊनलोड. मुलगा आता सासूबाईंना फुजिता शिकवतोय. ऐरोलीच्या दादा, शेवटचं विचारते, आमच्या टेरेसवर सोसायटीने पत्र्याची मोठी शेड टाकलीय, गळती होते म्हणून, वारा आला की आत्ताच खडखडते. कमिटी म्हणते मागच्या वर्षी काही झालं नाही. ती सुरक्षित आहे का हे आपल्याला साध्या डोळ्यांनी कळतं का?

ऐरोली_सिव्हिल

बरंचसं कळतं. खडखडते म्हणजे स्क्रू ढिले झालेत किंवा त्याखालचे रबरी वायसर गेलेत. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, वर खेचतो, आणि सगळ्यात जास्त खेच कडेला आणि कोपऱ्यात असते, म्हणून नेहमी कडेची ओळ आधी उचकटते आणि मग तिच्यामागे सगळी सोलून निघते. टेरेसवर जाऊन फक्त कडेची ओळ बघा, प्रत्येक पन्हळीला स्क्रू आहे का, का दोन-तीन सोडून मारलाय. पैसे वाचवायला हमखास सोडून मारतात. मग खांबांचे पाय बघा, स्लॅबमध्ये नीट बोल्ट केलेत का नुसते विटा-सिमेंटच्या ठोकळ्यात उभे केलेत. ठोकळ्यात असतील तर ते सगळ्यात वाईट, कमिटीला लेखी द्या आणि पोच घ्या. कडेचे स्क्रू वाढवायचं काम फॅब्रिकेटरचा माणूस एका दिवसात करतो, पावसाच्या आधी करून घ्या, जूनमध्ये तो फोन उचलत नाही.